समुद्रातून किनाऱ्यावर : अमेरिकन मरीन कोअरची वाहने आणि विमाने

अमेरिकेची मरीन कोअर ही समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारी सेना आहे. ती नौदलाच्या खात्याखाली येत असली तरी भूदल किंवा हवाई दलाप्रमाणेच स्वतंत्र सेनादल मानली जाते. तिचे पायदळ, तोफखाना, चिलखती गाड्या आणि लढाऊ विमाने तिची स्वतःची असतात. सतत समुद्रावर फिरणाऱ्या तिच्या एका तुकडीत साधारण २,२०० सैनिक असतात. ही तुकडी नौदलाच्या तीन जहाजांवर राहते आणि बाहेरच्या मदतीशिवाय १५ दिवस पुरेल एवढे अन्न, इंधन व दारूगोळा बरोबर बाळगते. तीन जहाजे म्हणजे जागा मोजकीच. त्यामुळे इथल्या प्रत्येक गाडीला आणि विमानाला तीन अटी लागू होतात. ते जहाजात मावले पाहिजे, जहाजावरून किनाऱ्यावर पोहोचले पाहिजे आणि पोहोचल्यावर लढले पाहिजे. या तिन्ही अटींना पूर्ण उतरणारे यंत्र अजून बनलेले नाही. एक साधायची तर दुसरीत काही सोडावे लागते, आणि काय सोडले हे पाहिले की त्या यंत्राची खरी ओळख पटते.

पाण्यात तरंगणाऱ्या आणि जमिनीवर चालणाऱ्या चिलखती गाडीचा उगम युद्धात नाही. फ्लोरिडात चक्रीवादळांनंतर दलदलीत अडकलेल्या माणसांना सोडवण्यासाठी डोनाल्ड रोबलिंग यांनी १९३०च्या दशकात ‘ॲलिगेटर’ नावाचे वाहन तयार केले. ब्रुकलिन पुलाचा आराखडा करणारे जॉन रोबलिंग हे त्यांचे पणजोबा. या वाहनाचे साखळीपट्टे पाण्यात वल्ह्यांचे आणि चिखलात चाकांचे काम करत. १९३७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याची छायाचित्रे छापून आली, ती सेनाधिकाऱ्यांच्या नजरेस पडली आणि या वाहनाचा लष्करी अवतार सुरू झाला.

त्याची कसोटी लागली ती २० नोव्हेंबर १९४३ रोजी, प्रशांत महासागरातील तारावा येथे. बेटिओ बेटाभोवती प्रवाळाची भिंत होती आणि त्या दिवशी भांगाची भरती असल्यामुळे भिंतीवर पुरेसे पाणी चढलेच नाही. सपाट तळाच्या साध्या होड्या भिंतीला अडकल्या. त्यांतले सैनिक छातीभर पाण्यातून, जपानी मशीनगनच्या माऱ्यात, शेकडो मीटर चालत निघाले. साखळीपट्ट्यांची वाहने मात्र प्रवाळावर चढून सरळ किनाऱ्याला लागली. पण अशी वाहने जेमतेम सव्वाशे होती. ७६ तासांच्या लढाईत सुमारे एक हजार अमेरिकन मारले गेले. आपल्या सैनिकांना पाण्यातून जमिनीपर्यंत नेणारी गाडी आपल्याकडे असलीच पाहिजे, हा मरीन कोअरचा आग्रह तारावाने पक्का केला.

याच वंशातली एएव्ही ही गाडी १९७२ मध्ये दाखल झाली आणि जवळपास अर्धशतक वापरात राहिली. ॲल्युमिनियमची, साखळीपट्ट्यांवर चालणारी ही पेटी तीन चालक-सैनिक आणि २१ मरीन घेऊन जाई. जमिनीवर तिचा वेग ताशी ७२ किलोमीटरपर्यंत जाई, पाण्यात जेमतेम १३. वाहतूक जहाजाच्या मागच्या अंगाला पोटात एक मोठे दालन असते. जहाज थोडे खाली बसवून त्यात समुद्राचे पाणी घेतले जाते, मागचा दरवाजा उघडतो आणि एकामागून एक गाड्या पाण्यात उतरतात. गाडीचा बहुतेक भाग पाण्याखालीच असतो. मागचे दोन जलझोत तिला पुढे रेटतात आणि आतली माणसे अंधारात, इंजिनाच्या धुराच्या वासात, लाटांचे हेलकावे खात बसलेली असतात. गाडीत थोडे पाणी शिरतेच. ते पंप बाहेर टाकतात. सगळे सुरक्षिततेचे गणित या पंपांवर आणि झाकणांच्या रबरी कडांवर उभे असते.

३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटे बेटाजवळ हे गणित चुकले. सरावावरून जहाजाकडे परतणारी एक गाडी बुडाली. आत १६ जण होते. आठ मरीन आणि एक नौसैनिक मरण पावले. चौकशीत गाडीची देखभाल निकृष्ट आणि सैनिकांचे प्रशिक्षण अपुरे असल्याचे उघड झाले. पाणी घोट्यापर्यंत आले की गाडी रिकामी करायची, असा नियम होता. तो वेळेवर पाळला गेला नाही. ही माणसे युद्धात नव्हे, सरावात गेली, आणि त्यांचे मरण टाळता येण्यासारखे होते. २०२१च्या अखेरीस या गाड्यांना आणीबाणीखेरीज पाण्यात उतरवण्यास बंदी झाली.

गाडी इतकी जुनी होईपर्यंत नवी का आली नाही? नवी गाडी घडवण्याचा प्रयत्न झाला होता. ईएफव्ही नावाच्या त्या गाडीला पाण्यावर ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने, वेगवान बोटीसारखे पृष्ठभागावरून पळायचे होते. त्यासाठी अडीच हजारांहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन आणि सपाट तळ आवश्यक होता. इराकच्या रस्त्यांवर मात्र स्फोट तळाखालून होत होते आणि सपाट तळ स्फोटाचा पूर्ण तडाखा झेलतो. ऑगस्ट २००५ मध्ये हदिथाजवळ रस्त्यातल्या बॉम्बवर एक एएव्ही गेली, तेव्हा एका क्षणात १४ मरीन ठार झाले होते. पाण्यावरच्या वेगासाठी लागणारा तळ जमिनीवर घातक ठरत होता. खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात गेला, यंत्रे सारखी बिघडत राहिली आणि जानेवारी २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी प्रकल्प गुंडाळला.

आताची एसीव्ही ही त्या अनुभवातून आलेली गाडी. बीएई सिस्टिम्स आणि इटलीची इवेको यांच्या आराखड्याची निवड जून २०१८ मध्ये झाली. साखळीपट्ट्यांच्या जागी आठ चाके आली आणि तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा झाला; स्फोटाचा जोर त्यामुळे दोन्ही बाजूंना फाकतो. रस्त्यावर ती ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते. पाण्यात मात्र तिचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या गाडीपेक्षाही कमी, आणि आत मावतात १३ मरीन. पाण्यावरचा वेग सोडून जमिनीवरचे संरक्षण घेतले, असा हा सरळ हिशेब आहे. आजच्या युद्धात तो बरोबरच म्हणावा लागेल. त्याची किंमतही आहे. इतक्या संथ गाड्या उतरवायला जहाजाला किनाऱ्याजवळ यावे लागते आणि किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रे तेच होऊ देत नाहीत.

दूरवरून जड सामान आणण्याचे काम नौदलाच्या एलकॅक या हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या होडीकडे असते. चार गॅस टर्बाइन असलेली ही होडी ६० टनांचा बोजा घेऊन ताशी ७० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते आणि थेट वाळूवर चढते. पारंपरिक उतरण-होड्यांना जगातल्या १५ टक्के किनाऱ्यांवर लागता येते. एलकॅकला ७० टक्क्यांहून अधिक किनारे खुले होतात, असे नौदल सांगते. किनाऱ्यावर टेहळणीसाठी १९८३ पासून एलएव्ही ही आठचाकी चिलखती गाडी आहे. २५ मिलिमीटरची तोफ, पोहण्याची क्षमता आणि हेलिकॉप्टरला लटकवून नेता येईल इतके हलके वजन हे तिचे गुण. सामान्य वाहतुकीसाठी जुन्या हम्वी गाडीच्या जागी अधिक जाड चिलखताची जेएलटीव्ही आली आहे. गाडी कोणत्या विमानात मावते यावरून तिचे माप ठरल्याचे उदाहरण म्हणजे ग्राउलर ही छोटी उघडी जीप. ऑस्प्रे विमानाच्या दोन मीटरही रुंद नसलेल्या कक्षात शिरावी म्हणून ती मुद्दाम अरुंद बनवली.

मरीन कोअरला स्वतःची विमाने कशाला हवीत, हा प्रश्न अमेरिकेत अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर मरीन नेहमी ग्वाडलकनालकडे बोट दाखवून देतात. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या बेटावर मरीन उतरले आणि दोनच दिवसांत नौदलाने आपली विमानवाहू जहाजे धोका ओळखून मागे घेतली. पुढे बेटावरच्या धावपट्टीवरून आपली विमाने उडू लागली तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडला. डोक्यावरचे विमान आपलेच असावे, हा धडा त्यांनी सोडला नाही.

छोट्या जहाजांवर लांब धावपट्टी नसते. म्हणून १९७१ मध्ये मरीननी ब्रिटनचे हॅरियर घेतले, जे इंजिनाच्या चार तोट्या खाली वळवून सरळ उभे उतरू शके. त्याचे भावंड असलेले सी हॅरियर भारतीय नौदलाकडेही होते. १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्यातल्या दाबोळीचा ‘आयएनएस हंसा’ हा त्यांचा तळ होता. हॅरियरचा वारसा आता एफ-३५बी चालवते. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या तिन्ही एफ-३५ प्रकारांपैकी हेच पहिले युद्धसज्ज घोषित झाले.

त्याचे उतरणे पाहण्यासारखे असते. वेग कमी होताच वैमानिकाच्या पाठीमागे वरचे मोठे झाकण उघडते. त्याखाली एक आडवा पंखा असतो. मुख्य इंजिनाचा दांडा क्लचने त्याला जोडला जातो आणि पंखा थंड हवेचा प्रचंड झोत खाली सोडू लागतो. त्याच वेळी शेपटीकडचे तोंड जमिनीकडे वळते. पुढचा पंखा, मागची तोटी आणि पंखांखालचे छोटे झोत मिळून सुमारे १८ टन वजन तोलून धरतात. हा पंखा सरळ उड्डाणात मात्र नुसता बोजा असतो. त्याच्या जागेपायी धावपट्टीवरून उडणाऱ्या एफ-३५एपेक्षा यात इंधन सुमारे पाव भागाने कमी मावते आणि पोटातले बॉम्बही लहान असतात. मागच्या तोटीच्या उष्णतेने डेक खराब होऊ नये म्हणून जहाजांवर उष्णतारोधक लेप चढवावा लागला.

सैनिकांना नेणारे एमव्ही-२२ ऑस्प्रे हे या ताफ्यातले सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्त विमान. पंखांच्या टोकांवरची दोन इंजिने उभी केली की ते हेलिकॉप्टर होते, आडवी केली की विमान. त्यामुळे ते २४ मरीन घेऊन, नेहमीच्या हेलिकॉप्टरला गाठता येणार नाही अशा, ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकते. डेकवर उतरल्यावर त्याची पाती आत दुमडतात, इंजिने आडवी होतात आणि अख्खा पंख ९० अंशांत फिरून विमानाच्या पाठीवर लांबीला समांतर बसतो. हे सारे दीड मिनिटात आपोआप होते. एक इंजिन बंद पडले तरी पंखातून जाणारा जोडदांडा दुसऱ्याची शक्ती दोन्ही पात्यांना पुरवतो.

याच रचनेत धोकाही आहे. पुढचा वेग कमी असताना विमान फार झपाट्याने खाली आले, तर पाती स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडतात आणि उचल हरवते. साध्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक सहसा पुढे झेप घेऊन सुटतो. ऑस्प्रेची पाती दोन बाजूंना असल्याने एकाच बाजूची उचल गेली की विमान कलंडते. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनातील माराना येथे असेच होऊन १९ मरीन मृत्युमुखी पडले. २००७ मध्ये सेवेत येण्याआधीच्या अपघातांनी ३० जणांचा बळी घेतला. नंतरही ते थांबले नाहीत. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात क्लचच्या दोषामुळे पाच मरीन गेले. ऑस्प्रेमुळे दूरच्या समुद्रातून धडक मारण्याची क्षमता आली हे खरे. पण एवढ्या वर्षांनी क्लचसारखा दोष माणसे मारतो, हे मान्य करण्यासारखे नाही.

जड ओझ्यासाठी सीएच-५३के हे तीन इंजिनांचे हेलिकॉप्टर आहे. बाहेर लटकवून ते १६ टनांपर्यंत वजन उचलते. सप्टेंबर २०२१ मध्ये चाचण्या चालू असतानाच त्याने कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सुमारे १२,००० फुटांवर पडलेले नौदलाचे हेलिकॉप्टर उचलून आणले. हल्ल्यासाठीचे एएच-१झेड आणि वाहतुकीचे यूएच-१वाय या दोघांचे ८५ टक्के सुटे भाग एकच आहेत. जहाजावर सुट्या भागांची कपाटे कमी लागावीत म्हणून केलेली ही योजना दिसायला साधी, पण अतिशय शहाणपणाची आहे. एफ-३५बी, ऑस्प्रे आणि सीएच-५३के यांना हवेत इंधन पाजण्याचे काम केसी-१३०जे हे विमान करते. त्याला मात्र जमिनीवरचीच धावपट्टी लागते.

मार्च २०२० मध्ये तेव्हाचे प्रमुख जनरल डेव्हिड बर्जर यांनी या ताफ्यात मोठी उलथापालथ केली. चीनच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपुढे बेटांच्या रांगेत लढायचे असेल, तर साठ टनांच्या वरचे अब्राम्स रणगाडे निरुपयोगी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. एका एलकॅकमध्ये एकच रणगाडा मावतो. मरीननी आपले सगळे रणगाडे सोडून दिले. अनेक निवृत्त सेनापतींनी याला उघड विरोध केला. रणगाड्यांच्या जागी आली नेमेसिस. ही जेएलटीव्हीच्याच सांगाड्यावरची, चालकाविना दुरून हाकली जाणारी गाडी आहे. तिच्यावरची दोन जहाजविरोधी क्षेपणास्त्रे १८५ किलोमीटरपलीकडचे जहाज टिपू शकतात. किनाऱ्यावर चढाई करणारी सेना आता किनाऱ्यावर बसून समुद्र अडवू पाहते आहे. २०२५च्या संयुक्त सरावात ही यंत्रणा फिलिपिन्सच्या बातानेस बेटांवर, तैवानच्या दक्षिणेला नेण्यात आली. तिला बेटाबेटांवरून हलवण्यासाठी मरीन कोअरने ३५ मध्यम उतरण-जहाजांची मागणी केली आहे. २०२५ संपेपर्यंत त्यांतले एकही जहाज सेवेत आले नव्हते.