एका ‘इज’ची दुरुस्ती

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६० ते १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर इंग्रजीतून लिहिताना मराठी विद्यार्थी पुष्कळदा असे वाक्य लिहून जातो: ‘पिप थॉट दॅट मिस हॅविशॅम इज हिज बेनिफॅक्टर.’ शिक्षक ‘इज’ खोडून ‘वॉज’ लिहितात आणि पान उलटतात. दुरुस्ती बरोबर, पण विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले?

त्याची चूक अडाणीपणाची नव्हे. ‘पिपला वाटले की मिस हॅविशॅम हीच आपली उपकारकर्ती आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मनातला विचार ज्या काळात आला त्याच काळात ‘की’पुढे ठेवण्याची मराठीला मुभा आहे. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की गौण वाक्यातील क्रियापदही बहुधा त्याच्यामागोमाग जाते. तेथे वर्तमानकाळ तसाच राहू दिला, तर लिहिणाराच त्या गोष्टीची ग्वाही देत आहे असे वाटू लागते. आणि येथे तर त्याने घातच होतो! पिपचा खरा उपकारकर्ता मॅग्विच, ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेला कैदी. धनाढ्य, विक्षिप्त हॅविशॅमबाई नव्हेत. साऱ्या कादंबरीचा डोलारा या गैरसमजावर उभा आहे, आणि तोच एका ‘इज’ने पुसला जातो.

दुसरीही एक वाट आहे. कथानक वर्तमानकाळात सांगण्याचा समीक्षेत प्रघात आहे. त्याप्रमाणे ‘थॉट’चे ‘थिंक्स’ केले, तर विद्यार्थ्याचा ‘इज’ जागच्या जागी राहतो. मात्र मग कथानकाचा पुढचा सारा परिच्छेद त्याच काळात चालवावा लागतो. डिकन्सने ती लिहिली, एवढेच काय ते भूतकाळात उरते.