एसडब्ल्यूआर १:१, मग वॅट गेले कुठे?

ट्यूनरची बटणे फिरवून एसडब्ल्यूआर १:१ वर आला, की बहुतेक हॅम निर्धास्त होतात. पण डमी लोडचा एसडब्ल्यूआरही १:१ असतो, आणि तो सगळी पॉवर नुसता तापण्यात घालवतो. मीटर एवढेच सांगतो की रिगला समोर ५० ओहम दिसताहेत. अँटेनापर्यंत किती पोचले, ते तो सांगत नाही.

त्याहून चिवट समज म्हणजे जुळणीची जागा एकच असते. हाताने फिरवायचे बरेचसे ट्यूनर टी-नेटवर्कचे असतात: ओळीने दोन कपॅसिटर, मधोमध अर्थकडे जाणारी कॉइल. बटणे तीन आणि साधायचे फक्त दोन, रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स. त्यामुळे एकाच अँटेनावर, एकाच फ्रिक्वेन्सीवर, कितीतरी जागी सुई खाली येते. लॉस मात्र प्रत्येक जागी वेगळा. हवेच्या कपॅसिटरमध्ये फारसे काही जात नाही. जाते ते कॉइलमध्ये. कॉइलचा क्यू २०० धरा. जुळणीचा लोडेड क्यू ४ असेल तर सुमारे २ टक्के पॉवर उष्णतेत जाते. २० असेल तर १० टक्के. ८० आणि १६० मीटरवर आखूड वायर लावणाऱ्यांचा हिशेब याहून वाईट निघू शकतो.

म्हणून दोन्ही कपॅसिटर कमाल कपॅसिटन्सवर ठेवून सुरुवात करावी. आधी कॉइल फिरवून रिसीव्हरमधला आवाज जास्तीत जास्त वाढवावा. मग कमी पॉवरवर कॉइल आणि रिगकडचा कपॅसिटर एवढ्यांनीच जुळवून पाहावे. जमलेच नाही, तर अँटेनाकडचा कपॅसिटर थोडा कमी करून पुन्हा तेच. कपॅसिटन्स जास्त, इंडक्टन्स कमी, एवढे धरून चालावे. डायलवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. काही ट्यूनरवर ० म्हणजेच कमाल असते. पाती एकमेकांत पूर्ण शिरली, की ती खरी कमाल. चुकीच्या जागी जुळवलेला ट्यूनर लवकर तापतो, कधी ठिणग्याही टाकतो.

परत आलेली पॉवर वाया जाते, हाही जुना गैरसमज. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ मासिकातल्या लेखमालेत तो खोडला होता, तरी अजून तो ऐकू येतोच. एसडब्ल्यूआर ३:१ म्हणजे २५ टक्के परत येते खरे, पण जुळवलेला ट्यूनर तिला पुन्हा अँटेनाकडे धाडतो. ७ मेगाहर्ट्झवर २० मीटर आरजी-२१३ असेल, तर या ३:१ मुळे वाढणारा लॉस पाव डेसिबेलच्या आतच राहतो. समोरच्याला फरक कळणारही नाही.

आणि ट्यूनर अँटेना सुधारत नाही. शॅकमध्ये बसवलेल्या ट्यूनरपुढे, कोॲक्सवर, एसडब्ल्यूआर होता तेवढाच राहतो. कोॲक्स पातळ आणि लांब असेल तर तो दिसतही नाही. २८ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ मध्ये अडीच डेसिबेलच्या आसपास लॉस होतो. वरच्या टोकाला अँटेना जोडलेलीच नसली, तरी खालचा मीटर जेमतेम साडेतीन दाखवेल.