मधुमालती : कोण? काय?

मधुमालतीच्या एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लालभडक फुले लोंबताना पाहून पुष्कळांना वाटते, माळ्याने तीन जातींची कलमे केली असावीत. पण फूल एकच! दिवेलागणीला उमलते तेव्हा ते पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल. त्याची नळी दोन-तीन इंच लांब. तळाचा मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांनाच गाठता येतो, आणि अंधारात त्यांना पांढरा रंग व सुवास वाट दाखवतात. रंग चढला, की दिवसा मधमाश्या आणि शिंजीर येतात.

'मालतीमाधव'चा विषय निघाला, की वर्गातली मुले खिडकीबाहेरच्या या वेलाकडे बोट दाखवतात. ती मालती वेगळी. अमरकोशात मालती आणि जाती ही एकाच फुलाची नावे आहेत. आपल्या वेलाचे लॅटिन नाव मात्र मोठे गमतीचे आहे : 'क्विस्क्वॉलिस', म्हणजे 'कोण? काय?'. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसने ते दिले. आता शास्त्रज्ञ याला 'कॉम्ब्रेटम इंडिकम' म्हणतात.

हा प्रश्न पडावा असेच त्याचे वागणे. रोप आधी झुडपासारखे ताठ वाढते. आमच्या शेजारच्या वहिनी तर वैतागल्याच. "भाऊजी, वेल म्हणून आणला आणि हे झुडूप निघाले! उपटूनच टाकते."

"वहिनी, एक पावसाळा जाऊ द्या," मी म्हटले.

श्रावणात लांबलचक फांद्या सुटल्या आणि गच्चीकडे निघाल्या. या वेलाला काकडीसारखे तणावे नसतात. पान गळते, पण देठाचा बुडखा फांदीवरच राहतो, वाळून टणक होतो आणि त्याचा काटा बनतो. त्या काट्यांच्या आधाराने वेल वर चढतो. गेलेले पान पुढच्या पानांसाठी पायरी ठेवून जाते! फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात. म्हणून बहर ओसरल्यावरच छाटणी करावी.

कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत पालक मुलाला पुढे करून विचारतात, "सर, हा पुढे कोण होणार? काय होणार?" मुलगा खाली मान घालून उभा असतो. अशा वेळी मी त्यांना खुर्ची देतो आणि आधी या वेलाची हकीगत सांगतो.