इंग्रजी वाक्य, फ्रेंच वळण

इंग्रजी आणि फ्रेंच या शेजारच्या भाषा. मध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी, एवढेच काय ते अंतर. तेव्हा एकीतले दुसरीत नेणे सोपे असणार, असे कोणालाही वाटेल. एका अर्थाने ते खरेही आहे. 'नेशन', 'प्रेसिडेंट', 'कॉन्स्टिट्यूशन' असे भारदस्त शब्द दोन्हीकडे जवळजवळ त्याच अक्षरांनी लिहितात, फरक उच्चाराचा. पंचाईत होते ती साध्या, रोजच्या शब्दांपाशी. राज्यघटनेवरचा लेख भाषांतरकार एका बैठकीत उरकील, पण स्वयंपाकघरातले दोन बायकांचे बोलणे त्याला दिवसभर पुरेल. असे का होते आणि त्यातून वाट कशी काढतात, ते आज पाहू.

अगदी पहिलाच शब्द घ्या, 'यू'. इंग्रज माणूस आपल्या मुलालाही 'यू' म्हणतो आणि न्यायाधीशालाही. फ्रेंचमध्ये मात्र दोन शब्द आहेत. जवळच्या माणसाला 'त्यु', आणि परक्याला किंवा मानाच्या माणसाला 'वू'. आपल्याला यात नवल वाटायचे नाही. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आणि वर आणखी आपण आहे. पण भाषांतरकाराची अडचण ध्यानात घ्या. इंग्रजी कादंबरीतली दोन माणसे पहिल्या प्रकरणात एकमेकांना परकी असतात, शेवटच्या प्रकरणात त्यांचे लग्न होते. या प्रवासात 'वू'चे 'त्यु' नेमके कोणत्या वाक्याला करायचे, हे मूळ लेखकाने कुठेच लिहिलेले नसते. ते भाषांतरकाराने ठरवायचे. इथे तो चुकला तर व्याकरण नाही, नातेच चुकते.

आता भूक, वय, विरह असल्या नित्याच्या गोष्टी पाहा. इंग्रज म्हणतो, 'मी भुकेला आहे'. फ्रेंच माणूस म्हणतो, 'माझ्यापाशी भूक आहे'. इंग्रज वीस वर्षांचा 'असतो'. फ्रेंच माणसापाशी वीस वर्षे असतात. पोटभर जेवल्यावर 'आय अ‍ॅम फुल' हे इंग्रजी वाक्य कोणी शब्दाला शब्द ठेवून फ्रेंचमध्ये म्हटले, तर घरची मंडळी गालातल्या गालात हसतील. कारण तो विशेषण-शब्द फ्रेंच बोलीत गाभण जनावराला, नाहीतर दारू प्यालेल्या माणसाला लावतात. तिथे 'मी छान जेवलो' एवढेच म्हणायचे असते. विरहाची तऱ्हा आणखी निराळी. इंग्रजीत 'आय मिस यू' यात कर्ता 'मी' आहे. फ्रेंचमध्ये त्याच भावनेला 'तू मला उणा आहेस' अशी घडण लागते, आणि कर्ता होतो 'तू'. हे ठाऊक नसलेला नवशिका इंग्रजीचा क्रम तसाच ठेवतो, आणि त्याच्या पत्राचा अर्थ होतो, 'तुला माझी उणीव भासते'! लिहायला बसला होता आपली व्यथा, आणि पदरात पडली ती बढाई.

क्रियापदांचीही अशीच गंमत आहे. इंग्रज 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' म्हणतो. पोहणे हे त्याचे क्रियापद, आणि पलीकडे जाणे एका चिमुकल्या अव्ययात. फ्रेंच माणूस हे उलटे करतो. तो नदी 'ओलांडतो', आणि कशी, तर 'पोहून'. आपणही 'त्याने पोहून नदी ओलांडली' असेच म्हणतो. म्हणजे इथे मराठी फ्रेंचच्या बाजूला उभी आहे, इंग्रजी एकटी पडली आहे.

मग येतात वाक्प्रचार. पाऊस फार झाला की इंग्रजाच्या अंगणात कुत्री-मांजरे पडतात, फ्रेंच माणसाच्या अंगणात दोरखंड पडतात, आपल्याकडे मुसळे. घसा बसला तर इंग्रजाच्या घशात बेडूक असतो, फ्रेंच माणसाच्या घशात मांजर. वस्तू महाग पडली तर इंग्रजाला एक हात आणि एक पाय द्यावा लागतो, फ्रेंच माणसाला डोक्यातले डोळे. जे कधीच व्हायचे नाही ते इंग्रजाच्या मते डुकरे उडू लागल्यावर होईल, फ्रेंचाच्या मते कोंबड्यांना दात आल्यावर. कोणी मेल्याचे हलकेपणाने सांगायचे तर इंग्रज म्हणतो त्याने बादलीला लाथ मारली, फ्रेंच म्हणतो त्याने चिलीम फोडली. आणि समारंभातून कोणाचा निरोप न घेता सटकणे, याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतात, तर फ्रेंच 'इंग्रजी पद्धतीने निघून जाणे' म्हणतात. दोषाचे खापर शेजाऱ्यावर फोडण्याची रीत मात्र दोघांची एकच.

या सगळ्यांत चित्र बदलते, प्रसंग तोच राहतो. म्हणून भाषांतरकाराने मांजराचे भाषांतर करायचे नसते, पावसाचे करायचे असते.

खरा धोका मात्र जे शब्द दिसायला सारखे त्यांच्यात आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंच चालली, आणि हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत येऊन स्थायिक झाले. सासरी गेलेल्या लेकीसारखे ते हळूहळू तिथले झाले. माहेरी त्यांच्या बहिणी निराळ्या वळणाने वाढल्या. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'अक्त्युएलमाँ' म्हणजे खरोखर नव्हे, सध्या. 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे अखेरीस नव्हे, जमल्यास. करारनाम्यात 'पैसे अखेरीस देऊ' आणि 'जमल्यास देऊ' यांत किती अंतर आहे, हे कोणताही सावकार सांगेल! 'दमांदे' म्हणजे नुसते मागणे किंवा विचारणे. त्याचा इंग्रजी भाऊ मात्र दटावून मागतो. मुरंब्याच्या बाटलीवर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असे इंग्रजीत लिहिलेले असते. तोच शब्द फ्रेंच रूपात उतरवला तर त्याचा अर्थ संततिनियमनाचे एक साधन असा होतो! अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोझामी', म्हणजे खोटे मित्र म्हणतात. केसलेर आणि देरोकिन्यी या दोघा फ्रेंच अभ्यासकांनी 1928 साली याच नावाचा ग्रंथ काढला, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला.

तुम्ही म्हणाल, हसण्यापलीकडे यात काय बिघडते? बिघडते. झाँ-पॉल व्हिने आणि झाँ दारबेल्ने हे मूळचे फ्रान्सचे दोन भाषाशास्त्रज्ञ उत्तर अमेरिकेत अध्यापन करीत. 1958 साली त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी यांच्या शैलींची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी न्यूयॉर्कहून माँत्रेयालकडे जाणाऱ्या रस्त्याचे वर्णन आहे. कॅनडाची हद्द लागली की पाट्या दोन भाषांत सुरू होतात. 'सावकाश' या इंग्रजी पाटीखाली फ्रेंचमध्ये 'लाँतमाँ' असे लिहिलेले. शब्दकोशाप्रमाणे अगदी बरोबर. पण फ्रान्सच्या रस्त्यावर त्या जागी 'रालाँतीर', म्हणजे 'वेग कमी करा', असे क्रियापद असते. भरधाव मोटार हाकणाऱ्याला पाटी वाचायला क्षणभरच मिळतो. त्या क्षणात त्याला ओळखीची फ्रेंच दिसली पाहिजे, इंग्रजीची सावली नव्हे. त्या ग्रंथकारांचा उपदेश साधा होता. फ्रेंच माणूस याच जागी, याच वेळी, आपण होऊन काय लिहितो ते शोधा.

तो फ्रेंच माणूस कुठला, हेही विचारावे लागते. 'दीने'ला या, असे पॅरिसमध्ये कोणी म्हटले तर रात्री जायचे. क्वेबेकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बहुधा दुपारचे जेवण. वाहने थांबवण्याची लाल पाटी फ्रान्समध्ये 'स्टॉप' म्हणते. क्वेबेकमध्ये ती 'आरे' म्हणते.

आणि कधी कधी एका लहानशा उपपदावर राष्ट्रांचे भांडण उभे राहते. 1967 च्या जूनमध्ये इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांचे युद्ध झाले. 22 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने 242 क्रमांकाचा ठराव मंजूर केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात इस्रायली सैन्याने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी असे म्हटले आहे, पण 'प्रदेश' या शब्दामागे 'द' हे उपपद नाही. फ्रेंचमध्ये उपपदाशिवाय नाम सहसा उभे राहत नाही. म्हणून फ्रेंच पाठात ते सहजच आले. झाले! एक पक्ष म्हणतो, इंग्रजीत 'द' नाही, तेव्हा सगळ्याच प्रदेशांतून माघारीचे बंधन नाही. दुसरा म्हणतो, फ्रेंच पाठ पाहा, त्यात ते सगळे प्रदेश आले. हा वाद अजून मिटलेला नाही. दोन अक्षरांच्या आत मावणारा शब्द, पण त्याच्या पाठीमागे माणसांची घरे आणि जमिनी आहेत.

तात्पर्य काय? भाषांतर करताना आधी शब्दकोश उघडू नये. वाक्य कोण, कोणाला, कुठे म्हणतो आहे ते पाहावे. मग त्या जागी फ्रेंच माणूस काय म्हणतो ते फ्रेंच वर्तमानपत्रांत, पाट्यांवर, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत शोधावे. आपले वाक्य तयार झाले की ते इंग्रजी न पाहिलेल्या फ्रेंच जाणकाराला वाचून दाखवावे. तो अडखळला तर दोष त्याचा नव्हे, वाक्याचा.

आपल्याकडचे विद्यार्थी फ्रेंच शिकतात ते बहुधा इंग्रजीच्या वाटेने. त्यांना शेवटी एकच सांगावेसे वाटते. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक, पोहून नदी ओलांडणे, 'मला भूक लागली' म्हणताना भुकेला वेगळी वस्तू मानणे, हे सारे तुम्ही आईच्या मांडीवर शिकलेले आहात. इंग्रजी वाक्य फ्रेंचमध्ये उतरेना तर घटकाभर ते मराठीत म्हणून पाहावे. पुष्कळदा वाट तिथूनच जवळची निघते.