अंगणातील किल्ला आणि मेजावरील भूमिकाखेळ

पनवेल-रोहे लोहमार्गावर नागोठणे सोडल्यानंतर रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. ह्या टापूत, आणि एकंदर महाराष्ट्रातच, दिवाळीच्या सुमारास मुले घरापुढील अंगणात मातीचा किल्ला उभारतात. दगडविटांचा ढीग रचावयाचा, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पांघरावयाचे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून रान उगवावयाचे, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि बुरुजाबुरुजांवर मावळे, असा त्याचा सर्वपरिचित थाट असतो. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले पेण उत्तरेस, आणि खराखुरा अवचितगड रोह्याच्या जवळच. मातीचे आणि गडाचे असे दुहेरी सान्निध्य असलेल्या प्रदेशात ह्या खेळास विशेष अर्थ आहे.

किल्ला बांधून झाला म्हणजे खेळ संपत नाही. तेथून तो सुरू होतो. एक मुलगा किल्लेदार होतो, दुसरा शत्रूचा सरदार होतो, आणि मावळ्यांना हाती धरून लढाई जुंपते. थोड्याच वेळात तंटा उभा राहतो. ‘तुझा मावळा मेला’, ‘नाही मेला’, ह्या वादाचा निवाडा कोणी करावयाचा? अंगणात तो मोठ्या आवाजाने किंवा मोठ्या भावाकडून होतो. मेजाभोवती बसून खेळावयाचे जे भूमिकाखेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आले, त्यांचा सारा इतिहास म्हणजे ह्याच प्रश्नास शोधलेले उत्तर होय.

भूमिकाखेळाचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो; तो प्रसंग वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र धारण करतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. आपले पात्र काय करू इच्छिते, एवढे त्याने बोलून दाखवावयाचे. ते साधले की नाही हे नियम आणि फासे ठरवतात. फासे केवळ सहा पृष्ठांचे नसून चार, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचेही असतात. खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत, प्रसंगी वर्षानुवर्षे, चालत राहते.

ह्या खेळाची वंशपरंपरा लक्षणीय आहे. बुद्धिबळाचे मूळ भारतीय चतुरंगात आहे, हे सर्वमान्य आहे. त्या बुद्धिबळाचा विस्तार करून जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग ह्याने १७८० मध्ये एक युद्धखेळ रचला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ ह्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन गोष्टी निर्णायक होत्या: संग्रामातील अनिश्चितता दाखविणारे फासे, आणि निवाडा देणारा तटस्थ पंच. अंगणातील तंट्यास येथे प्रथमच शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध करून हा खेळ लष्करी कचेरीतून घरच्या जमिनीवर आणला.

तरीही तोपर्यंत खेळाडू सेनापतीच होता. सैन्य त्याच्या आज्ञेत होते. एका सैन्याऐवजी एकाच व्यक्तीची भूमिका घ्यावयाची, ही कल्पना अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील हौशी खेळाडूंच्या वर्तुळात १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली ह्याच्या प्रयोगातून पुढे आली. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स ह्या दोघांनी मिळून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची होती. मावळ्यांची पलटण जाऊन एक मावळा उरला. त्यास नाव, स्वभाव आणि भवितव्य प्राप्त झाले. खेळ आणि कथा ह्यांच्यातील सीमारेषा येथे पुसली गेली.

मात्र ह्या खेळाच्या वाट्यास सन्मान आला नाही. तो खेळणाऱ्यांस अमेरिकेत ‘नर्ड’ म्हणून हिणवण्यात आले. डॉ. स्यूस ह्यांच्या १९५० मधील एका बालपुस्तकात काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून छापला गेलेला हा शब्द पुढील वर्षापर्यंत नीरस, अव्यवहारी तरुणास लावला जाऊ लागला होता. मराठीतील ‘पुस्तकी किडा’ आणि ‘घरकोंबडा’ हे दोन शब्द एकत्र केले असता त्याचा आशय बराचसा पदरी पडतो. चेष्टेवरच हे थांबले नाही. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा दोष ह्या खेळास दिला. त्याच्या जाण्याची कारणे निराळी होती, हे नंतर उघड झाले. १९८३ मध्ये ह्या खेळाविरुद्ध चळवळ करणारी संघटना निघाली आणि १९८५ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका प्रमुख वृत्तकार्यक्रमाने ह्या आरोपांस प्रसिद्धी दिली. खेळामुळे मुले आत्मघातास प्रवृत्त होतात, हे कधीही सिद्ध झाले नाही. परंतु अनेक घरांतून नियमांची पुस्तके बाहेर गेली.

ह्या अवहेलनेचे कारण बुद्धीविषयीच्या तिटकाऱ्यात शोधले जाते. ते पुरेसे नाही. ज्या १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी भारतातील महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली. जयश्री आणि रोहिणी ह्या त्यांच्या भगिनींनीही पुढे ते पद मिळविले. महाराष्ट्राने त्यांचे कौतुकच केले. तासन्‌तास पटावर डोके लावून बसणे हे बुद्धिबळात एकाग्रता ठरते आणि भूमिकाखेळात खूळ ठरते, तर फरक बुद्धीत नसून निकालात आहे. बुद्धिबळात कोणी जिंकतो. त्या विजयाची नोंद होते, आणि त्यामुळे खर्ची पडलेला वेळ समाजाच्या हिशेबात बसतो.

दुसरे असे की, प्रौढांनी सोंग घेणे आपल्या समाजास मुळीच वर्ज्य नाही. दक्षिण कोकणातील दशावतारात नटांना कथेची रूपरेषा ठाऊक असते. संवाद ते रंगमंचावर ऐनवेळी रचतात. तंत्राच्या दृष्टीने भूमिकाखेळाचा सर्वांत जवळचा आप्त हाच होय. शिमग्यातही प्रौढ माणसे सोंगे घेतात. परंतु दशावतारास प्रेक्षक आहेत आणि देवाची जत्रा आहे. शिमग्यास सण आहे. भूमिकाखेळास ना प्रेक्षक, ना दैवत, ना पारितोषिक. बंद खोलीतील चार जण परस्परांसाठीच कथा रचतात. प्रौढाच्या कल्पनाविलासास समाज जी प्रयोजने मान्य करतो, त्यांपैकी एकही येथे आढळत नाही. अवहेलनेचे मूळ येथे आहे. दहा वर्षांच्या मुलाने मावळे लढविले तर कोणी हसत नाही. तिशीतील गृहस्थाने ते लढविले तर हसतात. तोच गृहस्थ किल्लेबांधणीच्या स्पर्धेसाठी रात्र जागवील, तर त्याची पाठ थोपटली जाते. किल्ला तोच, माती तीच. केवळ मध्ये पारितोषिक आले.

आता स्मरणरंजनाचा विचार करावयाचा. ‘नोस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. घरापासून दूर असलेल्यांच्या, घराच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. स्थळाची ही ओढ पुढे काळाची ओढ झाली. १९८२ मधील ‘ई. टी.’ ह्या चित्रपटात मुले मेजाभोवती असा खेळ खेळताना दिसतात. ते समकालीन चित्र होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ह्या मालिकेत १९८३ मधील मुले तळघरात तोच खेळ खेळतात, आणि तेथे तो हरवलेल्या काळाची खूण बनला आहे. जे हिणवले गेले होते, तेच आता भूषण म्हणून मिरविले जाते. अर्थात स्मरण येथे निवड करते. नियमांवरून झालेले कंटाळवाणे वाद, मुलींना बहुधा बंद असलेले दार, शाळेतील चेष्टेची खरी बोच ही सारी गळून पडतात. अवहेलना तेवढी उरते. पण तीही सोसलेल्या दुःखाच्या रूपाने नव्हे, तर मिळविलेल्या पदकाच्या रूपाने.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आज हा खेळ खेळणारे तरुण गट आहेत. त्यांच्यापैकी अनेकांस त्या अमेरिकन तळघराविषयी जी हुरहुर वाटते, ती त्यांनी न जगलेल्या बालपणाची असते. उसनी हुरहुर खोटीच असते असे नव्हे. तिच्यामागे एक खरी उणीव असू शकते: मित्रांनी एकत्र बसून, कोणाच्याही शाबासकीविना, कथा रचीत राहण्याची मुभा वयाबरोबर संपली ही उणीव. तिचे चित्र मात्र परके आहे. स्वतःच्या आठवणीत शोधू गेल्यास तळघराच्या जागी अंगण सापडेल.

दिवाळी सरली म्हणजे किल्ल्याची माती पुन्हा अंगणास मिळते. मावळे पुसून, कागदात गुंडाळून, खोक्यात ठेवले जातात. मग एखाद्या वर्षी ते खोके थोरला उघडत नाही, धाकटा उघडतो. थोरल्यास कोणी मनाई केलेली नसते. आपले वय झाले, एवढे त्यास कळलेले असते. मेजाभोवतीच्या त्या खेळाडूंनी नेमके हेच मानण्याचे नाकारले, आणि त्याबद्दल त्यांस हसे सोसावे लागले.