पाकीट नवं, जनुक जुनं: यवतमाळात बायोटेकचा धंदा नेमका कुठे आहे?

"सर, बायोटेक म्हणजे पुणे-हैदराबादचं काम, यवतमाळात त्याचं काय?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. व्हिडिओत त्याला जेमतेम दोन मिनिटं मिळाली, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

जूनमध्ये पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, वणी, कुठल्याही कृषी केंद्रासमोर उभे राहा. काउंटरवरून जे कपाशीचं पाकीट जातंय ना, ते बायोटेकच आहे. आपल्या देशात व्यापारी लागवडीत असलेलं जनुकबदल केलेलं पीक एकच, बीटी कापूस. आणि आपला जिल्हा त्याचं मोठं गिऱ्हाईक. पण फक्त गिऱ्हाईक. त्या धंद्यातला मालक, संशोधक, उत्पादक बहुतेक सगळे बाहेरचे.

आता पाकिटात काय असतं ते बघू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतला एक जिवाणू आहे. त्याचं प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं की अळी मरते. ते प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलं, म्हणून नाव बीटी. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या समितीनं पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ती वाणं महिकोची, म्हणजे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात सुरू केलेल्या कंपनीची. जनुक मात्र अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं. २००६ साली दोन जनुकांचं बीजी-टू आलं.

आणि तिथेच गाडी थांबली. बीजी-टूच्या पुढच्या पिढीच्या कपाशीला देशात परवानगी मिळालेली नाही. शेतकरी विचारतात, "भाऊ, यंदा कोणतं नवीन आलं?" रॅकवर वीस कंपन्यांची वीस नावं असतात, कव्हरवर बोंडांचे भारी फोटो असतात. वाणं वेगळी आहेत हे खरं: कोणी लवकर येतं, कोणाचं बोंड मोठं, कोणाची वेचणी सोपी. पण अळीशी लढणारं जनुक बहुतेक सगळ्यांत तेच, २००६ चं. "आमच्या बियाण्यावर बोंडअळी येतच नाही" असं कोणी विक्री प्रतिनिधी म्हणाला, तर त्याला हे वाक्य लेखी मागा.

अळीनं तर कधीच रस्ता काढला. गुजरातच्या गुलाबी बोंडअळीनं पहिलं जनुक पचवल्याचं मोन्सॅन्टोनंच २०१० मध्ये जाहीर केलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बीजी-टूवरही गुलाबी अळी धो-धो आली. त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या बियाण्यामुळे फवारण्या कमी होणार होत्या, त्याच पिकात हे घडलं. औषध विकणाऱ्यानं हे विसरू नये, एवढंच मी ट्रेनिंगला येणाऱ्या दुकानदारांना सांगतो.

अळीला मदत आपणही केली. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती बांधाकडेनं लावायची, म्हणजे बीटी न खाल्लेले पतंगही तयार होतात आणि प्रतिकारशक्तीचा वेग कमी होतो. किती जणांनी लावली? पुड्या गोठ्यात, नाहीतर उकिरड्यावर. शेवटी कंपन्यांनी ते बियाणं पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात केली. शिवाय फरदड. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंतचं घर मिळतं.

पैसा कुठे जातो?

सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट साधारण १,६०० रुपयांना होतं. त्यातले सुमारे १,२०० जनुकाची रॉयल्टी म्हणून जायचे. विचार करा, बियाणं पिकवणारा, पॅक करणारा, वाहतूकवाला, दुकानदार, सगळे मिळून उरलेल्या चारशेत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं भांडून भाव ७५० वर आणला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं भाव नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ ला पाकीट ८०० आणि रॉयल्टी ४९, २०१८ ला ७४० आणि ३९, २०२० ला ७३० आणि रॉयल्टी शून्य. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती.

शेतकऱ्याच्या खिशासाठी हे चांगलं झालं. पण दुसरी बाजूही बघा. २०१६ मध्येच मोन्सॅन्टोनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीचा अर्ज मागे घेतला. अधिकृत दार बंद झालं आणि माल मागच्या दारानं आला. त्याला आपल्याकडे 'चोर बीटी' म्हणतात. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेनं ती उघडपणे पेरून आंदोलन केलं. शेतकऱ्याला ती का हवी हे मला समजतं, निंदणाची मजुरी परवडत नाही. पण दुकानदार म्हणून स्पष्ट सांगतो: बिल नाही, लॉट नंबर नाही, उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. आणि परवाना जातो तो तुमचा, आणून देणाऱ्याचा नाही.

बियाण्याचा धंदा आपण का करू शकत नाही? कारण आपल्याकडचं बहुतेक बीटी बियाणं संकरित आहे. एक-एक फुलाचे पुंकेसर संध्याकाळी हातानं काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. हजारो मजूर, पाणी, वेगळं रान आणि मोठं भांडवल लागतं. शेतकऱ्यालाही दर वर्षी नवं पाकीट घ्यावंच लागतं, कारण घरचं बियाणं पुढच्या वर्षी एकसारखं येत नाही.

सरळ वाणाचं तसं नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं (स्थापना १९७६) बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण २००९ मध्ये आणलं होतं, ज्याचं बियाणं घरी राखता आलं असतं. पण त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडलं आणि विक्री थांबली. सरकारी संशोधनावरचा विश्वास त्यानं बराच हलला. पुढे सूरज बीटी, रजत बीटी अशी सरळ वाणं आली, पण गावातल्या दुकानापर्यंत ती क्वचितच पोचतात. माझ्या मते अडचण प्रयोगशाळेपेक्षा वितरणात जास्त आहे. संस्थेकडे विक्रेत्यांची साखळी नाही, स्कीम नाही, हंगामाआधी उंबरठा झिजवणारा प्रतिनिधी नाही.

मग आपल्यासाठी काय?

जिवंत माल. ट्रायकोडर्मा, रायझोबियम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ट्रायकोकार्ड. हेही बायोटेकच, पण याची एक खोड आहे: हा माल उन्हात मरतो. जैविक खताच्या भुकटीत एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असायला पाहिजेत, असा खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. दूरच्या कारखान्यातून निघालेली पिशवी आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडली, तर आत उरतं काय? ट्रायकोकार्ड तर आणखी नाजूक. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांत मित्रकीटक वाढवून कार्ड बनतं, आणि ते काही दिवसांत शेतात लावावं लागतं. नाहीतर कीटक पाकिटातच बाहेर पडतात.

म्हणजे इथे जवळ असणं हेच भांडवल. कार्डासाठी लागतं काय? ज्वारी-मक्याचा भरडा, ट्रे, थंड खोली, फ्रिज आणि रोज न चुकता काम करणारे दोन हात. बचत गटाला जमेल असं काम आहे. शिकायला लांब जायची गरज नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र आणि वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय, तिन्ही यवतमाळातच आहेत. त्या कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं नोकरीसाठी पुणे-हैदराबादची गाडी पकडतात. एखाद्याला इथेच पार्टनर करा, तांत्रिक बाजू त्याची, बाजार तुमचा.

कागदाचं आधी बघा. ट्रायकोडर्मासारखं जैविक कीडनाशक १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीशिवाय बनवता-विकता येत नाही, जैविक खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतं. कीडनाशक विकायला शिक्षणाची अटही आहे. माझं बीबीए, त्यामुळे मी ४८ आठवड्यांचा 'देसी' डिप्लोमा केला. आठवड्यातून एक दिवस क्लास, दुकान सुरू ठेवून होतो.

आणि पहिल्या वर्षी माल थोडाच बनवा, बुकिंग घेऊनच. ट्रायकोकार्डाची ऑर्डर घेताना शेतकऱ्याला फवारणीची तारीख विचारायची. कार्ड लावल्यावर दोन दिवसांनी त्यानं रासायनिक फवारा मारला, तर तुमचे कीटक मेलेच, आणि गावात बातमी अशी पसरते की कार्ड चालत नाही.