उधळपट्टी म्हणावे तरी कशाला?

'उधळणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जेजुरीला भंडारा उधळतात, निवडणूक जिंकली की गुलाल उधळतात, बुजलेला बैल उधळतो, भरलेली सभा कुणीतरी उधळून लावतो आणि न विचारता शहाणपण सांगणारा मुक्ताफळे उधळतो. या साऱ्यांत एक गोष्ट सारखी. हातून सुटले ते माघारी येत नाही. भंडारा परत गोळा करावा असे कुणाला वाटतही नाही. तिथे उधळण्यातच आनंद असतो. पण त्याच शब्दाला 'पट्टी' चिकटली की सूर बदलतो. घरपट्टी, पाणीपट्टी भरली तर निदान पावती मिळते. उधळपट्टीची पावती मागाहून सावकार देतो!

रावेर-यावलकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, केळीची 'केयी' होते, तशी उधळपट्टीची 'उधयपट्टी'. उच्चार मऊ झाला तरी शब्दाचा मार तोच.

हा मार कुणाला बसतो ते पाहण्यासारखे आहे. मे-जूनच्या वादळात घडावर आलेली बाग आडवी झाली, तर ती नासाडी. तिला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण वाऱ्याला हात नसतात. उधळपट्टीला हात लागतो, आणि तोही जाणता. 'अपव्यय' हा कचेरीतला शब्द; बांधावर भांडताना तो कुणाला आठवत नाही. खर्चिक माणसाचा पैसा जातो, पण वस्तू घरात येते. सढळ हाताच्या माणसाला तर गाव मान देते. उधळ्याचा पैसा कुठे गेला ते मात्र त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अशा पोराला जुन्या बाया 'उधळमाणक्या' म्हणत. घरात नसली तरी शब्दात माणके होती.

आणखी एक. दोन वाट्या तेल जास्त गेले की सून 'उधळी' ठरते. मांडवावर आणि बँडवर लाख उडवले, तर त्याला मात्र हौस म्हणतात. शब्द एकच, पण तो लावताना माणूस पाहून लावला जातो, हे काही बरे नव्हे.

उधळ्याचे वर्णन करताना आपण म्हणतो, 'पाण्यासारखा पैसा ओतला.' म्हणजे ज्याने ही म्हण घडवली त्याच्या मते पाण्याला मोल नव्हते. तसे तर मोटेच्या काळीही नव्हते. तेव्हा प्रत्येक मोटेमागे बैलांचा घाम होता आणि दारे धरणारा पाटातला थेंबही फुटू देत नसे. मोटार आली, बटण आले आणि घामाचा हिशेब सुटला. आज सरकारी भूजल मोजणीत रावेर आणि यावल हे तालुके 'अतिशोषित' म्हणून नोंदलेले आहेत. वर्षभरात जमिनीत जेवढे पाणी मुरते, त्याहून अधिक आपण उपसतो, एवढाच त्याचा अर्थ. मग विहीर आटते, बोअर घेतला जातो, तोही आटतो, दुसरा घेतला जातो आणि पाण्यापायी पैसा खरोखरच पाण्यासारखा जातो. बोअरवाल्याच्या गाडीमागे गेलेल्या त्या पैशाला मात्र गाव उधळपट्टी म्हणत नाही.

निसर्गाने आपल्याला कमी दिलेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. जाणकार त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांचे पाणी तो पिऊन घेतो. शेजारच्या बऱ्हाणपूरला, म्हणजे मोगल अमदानीतल्या खानदेश सुभ्याच्या मुख्य ठाण्याला, हे ओळखणारे लोक होते. १६१५ च्या सुमारास तिथे जमिनीखालच्या बोगद्याने विहिरींसारख्या कुंड्या एकमेकींना जोडल्या आणि सातपुड्यात मुरलेले पाणी नुसत्या उताराने शहरात आणले. मोट नाही, इंजिन नाही. झिरपेल तेवढेच पाणी मिळायचे. लोक त्याला कुंडी भंडारा म्हणतात. जेजुरीचा भंडारा उधळायचा, बऱ्हाणपूरचा भंडारा म्हणजे साठा!

एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याचा भार हलका झाला, ते चांगलेच. पण मोटारीला ऑटो स्विच लावलेला असला की रात्री लाइट येते, मोटार आपोआप सुरू होते आणि मालक घरी झोपलेला असतो. बागेला पाणी हवे होते की नाही, हे विचारायला तिथे कुणी नसते. बिल नाही, म्हणून बोच नाही. पुराचे पाणी या पट्ट्यात मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश सरकारांत करार झाला आहे. ते काम सरकारचे. ऑटो स्विच आपला.

दीड मीटर अंतरावर लावलेल्या एकरभर बागेत १,७७७ झाडे बसतात. ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला २० लिटर धरले, तर साडेपस्तीस हजार लिटर झाले. आता मोटारीच्या पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवून घड्याळ पाहावे. तो एका मिनिटात भरला, तर मोटार तासाला १२,००० लिटर पाणी टाकते. म्हणजे एकराचे काम तीन तासांत उरकते. लाइट आठ तास राहिली, तर बाकीच्या पाच तासांत ६०,००० लिटर पाणी वर येते. आपल्या बागेचे आणि आपल्या मोटारीचे आकडे घालून हा हिशेब घरातल्या शाळकरी पोराकडून मांडून घ्यावा. वहीच्या एका पानात बसतो.